२० च्या ८ केल्या, तरी आकडा हलेना

“सोडा म्हणू नका, ते जमणार नाही. पण दिवसाला २० सिगारेटींवरून ८ वर आलोय, तेवढं पुरे ना?” पंचेचाळिशीतल्या एका गृहस्थांचा हा पहिलाच प्रश्न. सिगारेट न सोडणारे बरेच जण हेच विचारतात.

त्यांना यंत्रात फुंकायला दिलं. श्वासातला कार्बन मोनॉक्साइड, म्हणजे धुरातला विषारी वायू, २२ पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत २२ भाग). २० ओढत होते तेव्हा २४ होता. गृहस्थ हिरमुसले.

मग हातात पेन देऊन, सिगारेट कशी ओढता ते करून दाखवायला सांगितलं. बोटांची पकड फिल्टरवरच. त्यांच्या ‘लाइट’ सिगारेटच्या फिल्टरला बारीक छिद्रांची रांग असते, धुरात हवा मिसळावी म्हणून. ती बोटांखाली झाकली जात होती. झुरका लांब, धूर छातीत धरलेला, सिगारेट पार फिल्टरपर्यंत ओढलेली. सिगारेटी कमी झाल्या, पण शरीर निकोटीनचा आपला हिशोब उरलेल्या आठांतून वसूल करत होतं, आणि त्यासोबत धुरातलं चिकट डांबर (टार) आणि कार्बन मोनॉक्साइडही आत जात होता.

तेव्हा निकोटीनची भूक धुराशिवाय भागवायची. त्यांना उठल्यावर अर्ध्या तासात पहिली सिगारेट लागते, म्हणजे निकोटीनची सवय घट्ट, म्हणून डॉक्टरांना विचारून ४ मिलिग्रॅमची निकोटीन गम सुरू केली. आठवड्याने तक्रार आली: घसा जळतो, उचकी लागते, तलफ तशीच. ते ती साध्या च्युइंग गमसारखी सतत चघळत होते, वर कॉफी. हे निकोटीन गालातून शोषलं जायला हवं. गिळलं की बरंचसं वाया जातं आणि पोटाला त्रास होतो. हळूहळू चावायची, चुरचुरलं की गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवून द्यायची, चुरचुर ओसरली की पुन्हा चावायची. एक गम अर्धा तास. आधीची १५ मिनिटं आणि गम तोंडात असेपर्यंत कॉफी किंवा फळांचा रस नको, आम्लामुळे शोषण घटतं.

घरात आणि गाडीत ओढणं पूर्ण बंद केलं. काच खाली केल्याने धूर निघून जात नाही. दारूसोबतची सिगारेट आधी तोडायला सांगितली, कारण तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगासाठी ही जोडी फार वाईट. सिगारेटऐवजी तंबाखू चघळण्याचा विचार त्यांनी बोलून दाखवला, तो तिथेच थांबवला.

महिन्याभराने यंत्रावर १३ आले. चेहरा खुलला. तरीही त्यांना स्पष्ट सांगितलं, की रोज १ सिगारेट ओढणाऱ्यालाही हृदयविकाराचा वाढीव धोका २० ओढणाऱ्याच्या जवळपास निम्मा असतो. ते बराच वेळ गप्प होते. मग विचारलं, “सकाळची पहिली पुढे ढकलायची तर किती?” तासभर ठरलं, आणि त्या तासात गम.