उकिरडा बादलीत का मावत नाही?

प्रश्न: लहानपणी गावी परसात उकिरडा असायचा. घरातला केर, राख, शेण सगळं त्यावर पडायचं, तरी घरात कधी वास आला नाही. आता फ्लॅटच्या गॅलरीत बादलीत ओला कचरा साठवते, तर पंधरा दिवसांत दुर्गंधी सुटते आणि अळ्या होतात. काय चुकतं?
— एक वाचक, पुणे

उत्तर: चुकतं ते प्रमाण. उकिरड्यावर भाजीची देठं थोडी आणि बाकीचं जास्त पडायचं: गोठ्यातलं शेण, वैरणीचा उरलेला चोथा, अंगण झाडल्याचा पाचोळा, चुलीची राख. शिळं अन्न आणि तांदळाचं धुवण तर गुरांपुढे जायचं. तुमच्या बादलीत मात्र निव्वळ देठं, साली आणि चहाचा चोथा जातो. भाजीपाल्यात ऐंशी-नव्वद टक्के पाणी असतं. ते पाणी तळाशी साचतं, हवेची वाट बंद होते आणि कचरा कुजण्याऐवजी सडतो.

दुसरा फरक ढिगाच्या आकाराचा. हात-दोन हात उंचीचा ढीग आतून तापतो. थंडीत उकरला की वाफ निघायची, ती याचीच. त्या उष्णतेत माशीची अंडी आणि तणाचं बी मरतं. वीस लिटरच्या बादलीत ऊब टिकत नाही, म्हणून तिथे सगळी भिस्त सुक्या मालावर.

बादलीच्या अंगाला चार-चार बोटांवर आणि तळाला आठ-दहा भोकं पाडा, पेन्सिल जाईल एवढी. बादली दोन विटांवर ठेवा, खाली जुनी परात. तळाला नारळाच्या शेंड्यांचा चार बोटं थर. मग रोज एक वाटी चिरलेला ओला कचरा टाकला की त्यावर दोन वाट्या चुरलेला पाचोळा, आणि साल एकही उघडी दिसता कामा नये. चिलटं उघड्या सालीवरच बसतात. पाचोळा नसेल तर कोकोपीटची, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाची, वीट कोरडीच फोडून वापरा. भिजवली तर पाणी आणखी वाढेल. लाकडाचा भुसा चालतो, प्लायवूडचा नको, त्यात डिंक असतो. सुरुवातीला दोन मुठी जुनं खत किंवा शेण विरजण म्हणून पुरे. रोज ताक ओतायचा सल्ला पुष्कळ जण देतात; तो मानू नका, ओल वाढते.

आठवड्यातून दोनदा काठीने तळापर्यंत हलवा. मूठभर माल घट्ट दाबून पाहा: बोटांत जेमतेम एखादा थेंब यावा. धार लागली तर पाचोळा कमी पडला. मुंग्या झाल्या तर माल कोरडा पडला, पाणी शिंपडा. पांढरी बुरशी चांगली, तिला हात लावू नका. चपट्या, तपकिरी अळ्या बहुधा ब्लॅक सोल्जर माशीच्या असतात. त्या खत लवकर करतात, पण त्या दिसल्या म्हणजे ओल जास्त आहे.

आत्ताची बादली वाचवता येईल. वर्तमानपत्रावर उपडी करा, चिकट गोळे हाताने फोडा, दुप्पट पाचोळा मिसळा. चार दिवस नवा कचरा टाकू नका, रोज हलवा. बादली भरली की दोन ते तीन महिने झाकून ठेवा आणि दुसरी सुरू करा. पावसानंतरच्या मातीसारखा वास आला की चाळा. कुंडीत एक भाग खताला तीन भाग माती.

प्रश्न: सॅनिटरी पॅड, डायपर, फुटक्या काचा कशात टाकायच्या?

उत्तर: पॅड आणि डायपर वर्तमानपत्रात घट्ट गुंडाळा, वर ठळक लाल ठिपका काढा आणि वेगळे द्या. कचरा हातांनी निवडणाऱ्या बाईला ठिपका पाहून कळतं की हे उघडायचं नाही. काच खोक्यात घालून वर ‘काच’ लिहा. ट्यूब फोडू नका, आत पारा असतो. ट्यूब, बॅटरीचे सेल आणि मुदत संपलेली औषधं घरगुती घातक कचऱ्यात जातात. घनकचऱ्याच्या 2016च्या नियमांत ओला आणि सुका यांखेरीज हा तिसरा प्रकार होता.

प्रश्न: दुधाच्या पिशव्या भंगारवाला घेतो का?

उत्तर: धुऊन वाळवलेल्या असतील तर बहुतेक ठिकाणी घेतो. पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडू नका, चीर देऊन तो पिशवीला लागलेला राहू द्या. सुटा तुकडा कुणीच वेचत नाही. तो केरात जातो, तिथून गटारात.