एकादशीचा फास्ट आणि डोंबिवलीची फास्ट

प्रश्न : एकादशीच्या दिवशी सातवीतला नातू विचारतो, "आजी, तुझा फास्ट आणि स्टेशनवरची फास्ट एकच का गं?" मला काही सांगता येईना. ब्रेकफास्टमधला फास्टही तोच का?
— एक आजी, नाहूर

उत्तर : नाहूरकरांनीच हे विचारावं! तुमच्याकडे फास्ट थांबत नाही, नुसती धडधडत जाते. नातवाला सांगा, तिन्ही ठिकाणी शब्द एकच. आणि त्याचा मूळ अर्थ वेग नाहीच.

जुन्या इंग्रजीत फास्ट म्हणजे घट्ट, पक्कं, जागचं न हलणारं. विमानात पट्टा बांधायला सांगतात तो 'फासन' याच घरातला. 'स्टेडफास्ट'मधला स्टेड म्हणजे जागा. तेव्हा स्टेडफास्ट म्हणजे जागा न सोडणारा. मी तीस वर्षं डोंबिवलीहून दादरला शाळेत शिकवायला जात होते. लेडीज डब्यात तिघींच्या बाकावर चौथी सीट मिळालेली बाई कशी बसते, ते आठवा.

आता उपास. आपण एकादशी 'धरतो'. इंग्रजीतही तसंच झालं: नियम घट्ट धरायचा, त्यावरून अन्न वर्ज्य करायचं. सोडताना मात्र आपली भाषा जास्त चोख. आपण उपास सोडतो. चुकून फरसाणाची चिमूट तोंडात गेली तर तो मोडतो. इंग्रजीत दोन्हीला ब्रेकच. म्हणजे ब्रेकफास्ट हे रात्रभराच्या उपासाचं पारणं. (डिनर हा शब्दही फ्रेंचमार्गे लॅटिनमधल्या उपास सोडण्यावरूनच आलाय. बिचारे सकाळ-संध्याकाळ पारणीच फेडतात!)

मग हा घट्ट बसलेला शब्द पळायला कसा लागला? आपला 'जोर' बघा. जोर म्हणजे ताकद. पण रिक्षावाल्याला "जरा जोरात घ्या हो" म्हणतो तेव्हा आपल्याला त्याची ताकद नको असते, आठ बावन्न गाठायची असते. फास्टचं हेच झालं. घट्ट धरणं, मग नेटाने लढणं, नेटाने पळणं. आणि नेटाने पळणारा लवकर पोचतो. आधी क्रियाविशेषण पळालं. 'वेगवान' असं विशेषण व्हायला १६वं शतक उजाडलं.

जुना अर्थ तरीही गेला नाही. फास्ट अस्लीप म्हणजे गाढ झोपलेला. माझ्या वर्गात दरवर्षी कुणीतरी 'तो भरभर झोपला' असं लिहायचंच, आणि खरं सांगते, मला ते खोडावंसं वाटायचं नाही.

कापडातही जुनाच अर्थ चालतो. दादरला एका दुकानदाराने मला जांभळी सुती साडी दिली, "कलर एकदम फास्ट आहे, ताई" म्हणून. पहिल्याच धुण्यात रंग पळाला आणि थेट ह्यांच्या दोन पांढऱ्या सदऱ्यांवर जाऊन बसला, तिथे मात्र पक्का. साडी घेऊन परत गेले तर म्हणतो, "मिठाच्या पाण्यात नाही का भिजवलीत?" मी त्याला फास्टचे दोन्ही अर्थ नीट समजावून दिले. साडी काही बदलून मिळाली नाही.

प्रश्न : 'हार्ड अँड फास्ट रूल' यात हार्ड कळतं. फास्ट कशाला?
— एक विद्यार्थी, परळ

उत्तर : हा खलाशांचा शब्द. जहाज वाळूत रुतलं, हलता हलेना, की ते हार्ड अँड फास्ट. तसा न हलणारा नियम.

ताई-दादा, हे समजायला समुद्रावर जावं लागत नाही. जुलैत शीव आणि कुर्ल्याच्या मध्ये रुळांवर पाणी चढलं की पुरे. आणि जाता जाता, स्टेशनवर फास्टला 'जलद' म्हणतात तो जलद फारसीतल्या 'जल्द'चा. संस्कृतातला जलद वेगळा. जल देणारा, म्हणजे मेघ. इंग्रजीत एकाच शब्दाला दोन वाटा फुटल्या, आपल्याकडे एकमेकांना परके असलेले दोन शब्द एकाच रूपात येऊन बसले. एका पावसाळ्यात मी त्या शीव-कुर्ल्याच्या मध्ये अडीच तास अडकले होते. गाडी जलद, डोक्यावर जलद, आणि आम्ही सगळ्या बायका जुन्या इंग्रजीप्रमाणे फास्ट.