बांधावरची रानतुळस: उपटा, पण आधी एक फांदी दाबून ठेवा

प्रश्न: बांधावर तुळशीसारखी, उग्र वासाची झुडपं माजली आहेत. गुरं तोंड लावत नाहीत. औषधी म्हणून राखावीत का? वनस्पती संग्रहालयाच्या यादीत आमच्या भागातली एकही नोंद सापडली नाही, मग ही आली कधी?

उत्तर: राखू नका. फोटोंवरून ही रानतुळस आहे. मूळची उष्ण अमेरिकेतली. आता आशिया, आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियातही मोकाट पसरली आहे. चौकोनी खोड आणि समोरासमोर पानं पाहून फसायला होतं, कारण कूळ तुळशीचंच. फरक पाहायचा तो फुलाखालच्या हिरव्या पेल्यात. तुळशीच्या पेल्याचा वरचा भाग रुंद, गोलसर असतो. रानतुळशीच्या पेल्याला पाचही दाते सुईसारखे टोकदार. वाळलेले पेले याच दात्यांनी कपड्यांत, जनावरांच्या केसांत अडकतात आणि बी लांबवर जातं. बी भिजवून बुळबुळीत होतं का, ही परीक्षा इथे कामाची नाही. सब्जाचंही तसंच होतं.

आता नोंदीचं. नोंद नाही म्हणजे झाड नव्हतं, असं धरू नका. तुमच्या भागातला नमुना, म्हणजे दाबून वाळवलेली, कागदावर चिकटवून चिठ्ठी लावलेली फांदी, कुणी संग्रहालयात जमा केला नाही, एवढाच त्याचा अर्थ. नमुने गोळा करणारे बहुतेकदा रस्त्यालगत, सोयीच्या जागी फिरतात आणि तणाकडे फारसं कुणी वाकून पाहत नाही. जुन्यात जुना नमुना ज्या वर्षाचा, निदान तेव्हापासून झाड तिथे आहे. आलेलं त्याच्याही आधी असू शकतं. शिवाय यादीत एकाच नावाने शोधून भागत नाही. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५९ मध्ये हिला बॅलोटा वंशात घालून बॅलोटा सुआव्हिओलेन्स म्हटलं, पुढे बराच काळ ती हिप्टिस सुआव्हिओलेन्स होती, हल्ली मेसोस्फेरम सुआव्हिओलेन्स म्हणतात. जुन्या कागदांवर जुनीच नावं असतात, तेव्हा तिन्ही नावांनी पुन्हा पाहा. आणखी एक गोम: झाड लावलेलं होतं की आपसूक उगवलेलं, हे चिठ्ठीवर नसेल तर बागेतला नमुनाही रानातला म्हणून मोजला जातो.

म्हणूनच तुमची एक फांदी मोलाची आहे. फुलं आणि पेले दोन्ही असलेली निवडा, वर्तमानपत्रात पसरून वजनाखाली दाबा. एखादं पान उलटं ठेवा, म्हणजे मागची बाजू दिसेल. सुरुवातीला कागद रोज बदला, नाहीतर बुरशी धरते. चिठ्ठीवर ठिकाण, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव, झुडपाची उंची, जागा बांधाची की पडीक, आणि 'आपोआप उगवलेले' हे शब्द लिहाच. फुलांचा निळसर जांभळा रंग आणि वास वाळल्यावर टिकेलच असं नाही, तेही टिपून ठेवा. मग नमुना जवळच्या संग्रहालयात द्या.

मात्र त्यांच्या उत्तराची वाट पाहत बसू नका. जमिनीत ओल आहे तोवर, पेले वाळण्याआधी, झुडपं मुळासकट उपटा. सध्या बांधापुरतीच आहेत, तेव्हा तणनाशकाची घाई नको. बी धरलेली झुडपं वैरणीत किंवा खताच्या खड्ड्यात जाऊ देऊ नका. पुढच्या पावसानंतर तोच बांध पुन्हा तपासा. पडलेलं बी उगवेल.