उत्तर: पाच निकष लावल्यावर कंपन्या गेल्या कुठे?

आपण लिहिले आहे की, सूचिबद्ध कंपन्यांच्या माहितीसंचावर पाच निकष एकत्र लावताच दोन हजारांहून मोठी यादी साडेतीनशेवर आली, उरलेल्या कंपन्यांत संचालक मंडळाची रचना आणि कर्जाचे प्रमाण यांचा काहीच संबंध दिसेना, आणि आता मार्गदर्शक विषय बदलण्यास सुचवीत आहेत. माझ्या प्रबंधाच्या वेळी मी नेमका येथेच अडकलो होतो, म्हणून सविस्तर लिहितो. विषय बदलू नये, असे माझे मत आहे. मात्र मी संख्याशास्त्रज्ञ नाही आणि आपली मूळ प्रश्नावली (‘क्वेरी’, म्हणजे माहितीसंचातून कंपन्या निवडणारी संगणकीय आज्ञा) पाहिलेली नाही, हे ध्यानात ठेवून पुढचे वाचावे.

माझी सर्वांत महागडी चूक मला त्या वेळी शहाणपणाची वाटली होती. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १४९ नुसार सूचिबद्ध कंपनीच्या मंडळात किमान एक-तृतीयांश स्वतंत्र संचालक, म्हणजे कंपनीशी व तिच्या प्रवर्तकांशी हितसंबंध नसलेले संचालक, असावे लागतात. तेव्हा त्याहून कमी प्रमाण दिसणारी नोंद म्हणजे टंकलेखनाची चूक, असे समजून मी ‘एक-तृतीयांश किंवा अधिक’ हा निकष माहिती स्वच्छ करण्यासाठी लावला. कंपनी कर्जाच्या ओझ्याखाली वाकू लागली की स्वतंत्र संचालक राजीनामे देऊ लागतात, जागा महिनोन्‌महिने रिकाम्या राहतात आणि प्रमाण घसरते, हे माझ्या ध्यानातच आले नाही. कायद्याने जे असायला हवे ते माहितीत असेलच असे धरून चाललो, आणि ज्या कंपन्यांसाठी हा विषय निवडला होता त्याच मी स्वतःच्या हाताने गाळल्या. पुढे ‘यात नादारी (दिवाळखोरी) प्रक्रियेत गेलेली एकही कंपनी कशी नाही?’ असे परीक्षकांनी विचारले, तेव्हा सात महिन्यांचे काम पुन्हा करावे लागले.

नादारी संहितेखाली प्रकरण दाखल करून घेतले गेले की संचालक मंडळाचे अधिकार निलंबित होतात आणि ते निराकरण व्यावसायिकाकडे, म्हणजे त्या प्रक्रियेसाठी नेमलेल्या व्यक्तीकडे, जातात. त्या काळात सेबी या भांडवल बाजार नियंत्रकाच्या मंडळरचनेच्या अटीही अशा कंपनीला लागू नसतात. त्यामुळे तेथे स्वतंत्र संचालकांचा रकाना रिकामा असू शकतो. उलट टोकाला, भरणा झालेले भांडवल १० कोटी आणि नक्त मूल्य २५ कोटी रुपयांपर्यंत असलेल्या लहान कंपन्यांना सेबीच्या २०१५ च्या नियमांतील या अटींतून सूट आहे, म्हणून तेथेही रकाना रिकामा सापडू शकतो. एका रिकाम्या रकान्याचे हे दोन अगदी वेगळे अर्थ आहेत, आणि प्रश्नावली दोन्ही कंपन्या मुकाट्याने काढून टाकते.

आपला ‘तारण ठेवलेले प्रवर्तक-समभाग ५० टक्क्यांहून कमी’ (प्रवर्तकांनी, म्हणजे कंपनीवर ताबा असलेल्या मूळ मालकांनी, कर्जासाठी गहाण ठेवलेले समभाग) हा निकष मला म्हणूनच संशयास्पद वाटतो. जेथे तारणाची नोंदच नाही तेथे ‘नल’, म्हणजे रिकामी नोंद, असते. ‘नल’ ५० पेक्षा कमी आहे का, याचे उत्तर हो किंवा नाही असे नसून ‘अज्ञात’ असते, आणि ‘व्हेअर’मध्ये, म्हणजे प्रश्नावलीच्या गाळणीच्या अटीत, अज्ञात म्हणजे बाद. तारणाची माहिती उघड करण्याची सक्ती सेबीने २००९ च्या आरंभी केली, त्यामुळे त्यापूर्वीची वर्षे तर जवळजवळ सरसकट गळतील. ‘लेफ्ट जॉइन’ (दोन तक्ते जोडताना डाव्या तक्त्यातील सर्व नोंदी ठेवणारी जोडणी) वापरल्याने आपण सुरक्षित आहोत असे समजू नये. उजव्या तक्त्यातील रकान्यावर अट ‘व्हेअर’मध्ये घातली की त्याचा ‘इनर जॉइन’च, म्हणजे दोन्हीकडे जुळणाऱ्याच नोंदी ठेवणारी जोडणी, होतो. ती अट ‘ऑन’मध्ये, म्हणजे जोडणीच्याच अटीत, न्यावी.

याबाबत मी एका माहितीकेंद्राच्या मदत-कक्षाला तीन पत्रे लिहिली. प्रत्येक वेळी ‘निकष पुन्हा तपासावेत’ एवढेच उत्तर आले; रिकामा रकाना म्हणजे शून्य की अनुपलब्ध, या साध्या प्रश्नाला शेवटपर्यंत कोणी हात लावला नाही. वर्गणी मात्र वेळेवर मागितली जात असे.

कर्जाच्या व्याख्येचीही एक गोम आहे. दीर्घ मुदतीच्या कर्जाचा वर्षभरात फेडावयाचा हप्ता २०११-१२ पासूनच्या ताळेबंदात ‘इतर चालू दायित्वे’ या शीर्षाखाली असे. २०२१-२२ पासून तो अल्पमुदतीच्या कर्जात दाखवावा लागतो. नुसती दीर्घ आणि अल्प कर्जांची बेरीज केली, तर त्या वर्षी सर्व कंपन्यांनी एकदम कर्ज वाढवल्याचा आभास होतो. २०१९-२० पासून नव्या लेखामानकामुळे भाडेपट्ट्यांची दायित्वेही ताळेबंदात आली आहेत. ती वेगळी ठेवावीत.

मुख्य प्रश्नाविषयी माझे मत थोडे हट्टी आहे. स्वतंत्र संचालकांची टक्केवारी हे आपल्याकडे कंपनीच्या शासनपद्धतीचे (कारभाराचे) दुबळे माप आहे, कारण किमान आकडा बहुतेक जण कागदावर गाठतात. कर्जाशी थेट भिडणारी जागा २०१३ च्या कायद्याचे कलम १८० आहे. भरणा झालेले भांडवल, मुक्त राखीव निधी आणि समभाग अधिमूल्य यांच्या बेरजेपलीकडे कर्ज घ्यायचे असेल, तर बँकांची नेहमीची तात्पुरती कर्जे वगळता विशेष ठराव लागतो, म्हणजे विरोधी मतांच्या किमान तिप्पट, अर्थात दिलेल्या मतांपैकी किमान ७५ टक्के मते बाजूने हवीत. १९५६ च्या कायद्यात साधा ठराव पुरत असे, त्यामुळे ५१ टक्के मते हाती असलेल्या प्रवर्तकाला कोणाची मनधरणी करावी लागत नव्हती. आता त्याला इतर भागधारकांचा कौल लागतो किंवा त्यांच्या गैरहजेरीचा आधार. म्हणून प्रवर्तकांच्या एकूण वाट्यावर (तारणावर नव्हे) ५० टक्क्यांची एकच रेघ मारण्याऐवजी ५० ते ७५ हा पट्टा स्वतंत्रपणे तपासावा. प्रवर्तक आपला वाटा पातळ होऊ नये म्हणून नवे समभाग न काढता कर्ज घेतो, की कर्जाची शिस्त नको म्हणून ते टाळतो, हे या पट्ट्यात अधिक स्पष्ट दिसेल, असा माझा अंदाज आहे. तो चुकीचाही असू शकेल.

तूर्त पाचही निकष काढून एकेक परत लावावा, प्रत्येक पायरीला गळलेल्या कंपन्यांची नावे वेगळ्या तक्त्यात साठवावीत, आणि त्यांतील कोणत्याही वीस कंपन्यांचे वार्षिक अहवाल स्वतः उघडून पाहावेत. एकल (फक्त त्या कंपनीचे) आणि एकत्रित (उपकंपन्यांसह) ताळेबंद एकाच यादीत मिसळले नाहीत ना, हेही तेव्हाच कळेल. तारणाच्या निकषाला किती कंपन्या गळल्या, तो आकडा येथे कळवल्यास पुढचे सांगता येईल.