भावाच्या थकीत कर्जापायी सामाईक घर लिलावात जाऊ शकते का?

वडिलांच्या पश्चात मंगळवार पेठेतील घर आपल्या व थोरल्या भावाच्या नावे लागले, भावाने धंद्यासाठी पतसंस्थेचे कर्ज काढले, ते थकले आणि आता जप्तीची नोटीस दारावर चिकटवली आहे, तर घर जाईल का, असे आपण विचारले आहे. कोल्हापुरातील एका पतसंस्थेत मी बरीच वर्षे वसुलीचे काम पाहिले असल्याने, संस्था अशा प्रकरणात नेमके काय पाहते तेच सांगतो.

आपण कशावरही सही केलेली नसेल, तर संस्थेचा हात भावाच्या अविभक्त हिश्शापुरताच पोहोचतो. ही सहीची बाब मात्र बारकाईने तपासा. कर्जप्रकरणाच्या कागदांवर सहीच्या जागी पेन्सिलने बारीक फुल्या मारलेल्या असतात, आणि घरची मंडळी भावाच्या शब्दाखातर त्या फुल्यांवर सह्या करून मोकळी होतात. त्यांतली एखादी सही जामीनपत्रावर किंवा गहाणखतावर असते. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १२८ प्रमाणे, करारात वेगळे ठरले नसेल तर, जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, त्यामुळे ‘आधी भावाकडून वसूल करा’ हे म्हणणे टिकत नाही. आणि गहाणखतावर सही असेल तर आपला हिस्साही तारणात गेला, असे समजावे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १०१ खालील वसुली दाखल्याची, म्हणजे थकबाकी वसूल करण्यासाठी निबंधकांनी संस्थेला दिलेल्या आदेशाची, प्रत मागून घ्या. ‘जाब देणार’ म्हणून, म्हणजे ज्यांच्याकडून वसुली करायची त्यांच्यात, आपले नाव त्यात आहे की नाही, हे तेथेच कळेल. त्याच वेळी नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिकेचा ताजा उतारा काढून बोजा कोणत्या हिश्शावर चढला आहे, तेही पाहावे.

आई हयात असेल किंवा बहिणी असतील आणि त्यांनी हक्कसोड केलेले नसेल, तर वडिलांच्या हिश्शात त्यांचाही वाटा आहे. मिळकत पत्रिकेवर नाव लागले नाही म्हणून वारसा बुडत नाही, आणि तेवढ्या प्रमाणात भावाचा, म्हणजेच संस्थेच्या हाती लागणारा, हिस्सा कमी होतो. हा मुद्दा लोक हमखास विसरतात.

दाखल्यात नाव नसतानाही नोटिशीत चतुःसीमेसह सगळ्या घराचे वर्णन आले असेल, तर महाराष्ट्र सहकारी संस्था नियम, १९६१ मधील नियम १०७ खाली वसुली अधिकाऱ्याकडे तातडीने लेखी हरकत दाखल करा आणि आवक शिक्क्याची पोच घ्या. तोंडी विनंतीला फाइलमध्ये जागा नसते.

घाईघाईने भावाकडून आपल्या नावे हक्कसोडपत्र करून घेण्याचा सल्ला आपल्याला कोणीतरी देईलच. धनकोंना चुकवण्यासाठी केलेले हस्तांतरण मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५३ खाली रद्द होऊ शकते, आणि त्या कागदामुळे आपल्या प्रामाणिक हरकतीकडेही संशयाने पाहिले जाते.

भावाचा हिस्सा लिलावात परक्याने घेतला, तरी अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरात त्याला सहताबा, म्हणजे आपल्याबरोबर एकत्र ताबा, मागता येत नाही; मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचेच कलम ४४ तसे स्पष्ट सांगते. त्याला वाटपाचा दावा लावावा लागतो, आणि तो दावा आला की वाटप अधिनियम, १८९३ च्या कलम ४ खाली तो हिस्सा न्यायालय ठरवेल त्या किमतीला स्वतः विकत घेण्याची तयारी आपण दाखवू शकता. माझ्या मते त्यापेक्षा लिलावापूर्वीच संस्थेशी बोलून, भावाची बाकी भागवून त्याचा हिस्सा रीतसर नोंदणीकृत खताने घेणे स्वस्त पडते, कारण थकबाकीदाराचा अर्धवट हिस्सा विकणे संस्थेलाही जिकिरीचेच जाते. लिलाव होऊनच गेला, तर विक्रीच्या तारखेपासून ३० दिवसांच्या आत थकबाकी व खर्च, शिवाय खरेदीदारासाठी बोलीच्या ५ टक्के रक्कम भरून विक्री रद्द करण्याचा अर्ज नियम १०७ खालीच करता येतो. एवढी रक्कम महिन्याभरात उभी करणे जमेल का, याचा हिशेब भावाबरोबर बसून आजच मांडा.