घास गालातच का राहतो?

गेल्या पावसाळ्यात इंदूरमधले एक मराठी कुटुंब आपल्या पावणेतीन वर्षांच्या मुलाला घेऊन माझ्याकडे आले. मुलगा दूध आणि घोटलेला वरणभात एवढ्यावरच होता. पोळीचा तुकडा तोंडात गेला की त्याला उमासे येत, किंवा तो घास गालात धरून बराच वेळ बसून राही. बोलण्यात आठ-दहा शब्द होते. बालरोगतज्ज्ञांनी ऑक्युपेशनल थेरपी आणि स्पीच थेरपी सुचवली होती आणि त्यामुळे आई अधिकच गोंधळली होती. ती म्हणाली, "ताई, हा जेवत नाही म्हणून दाखवायला नेलं, तर बोलण्याच्या थेरपीला पाठवलं. आणि ऑक्युपेशनल म्हणजे व्यवसायाची ना? एवढ्याशा मुलाला कसला आलाय व्यवसाय?"

हा प्रश्न मला अनेक पालक विचारतात आणि तो रास्त आहे. व्यवसायोपचार या शब्दातला व्यवसाय म्हणजे माणसाचे रोजचे काम. लहान मुलाचे काम खेळणे, जेवणे, कपडे घालणे हेच असते. ते करताना शरीर कोठे अडते, हे ऑक्युपेशनल थेरपिस्ट पाहतात. गिळणे आणि बोलणे यांसाठी ओठ, जीभ, जबडा आणि घसा हेच अवयव लागत असल्याने स्पीच थेरपिस्टच्या शिक्षणात दोन्ही येते. फीडिंग थेरपी, म्हणजे मुलाला चावणे-गिळणे शिकवण्याचे काम, बहुधा या दोघांपैकी कोणीतरी, आणि कित्येकदा दोघे मिळून करतात.

मी प्रथम त्यांना श्रवणतपासणी झाली आहे का ते विचारले. झाली नव्हती. उशिरा बोलणाऱ्या प्रत्येक मुलाची ती आधी व्हायला हवी, मग घरच्यांना ऐकू येण्याबद्दल कितीही खात्री वाटत असो. त्याची श्रवणशक्ती चांगली निघाली. मात्र तो दिवसाला एक लिटरहून अधिक दूध बाटलीने पीत होता. या वयात दूध अर्ध्या लिटरच्या फार पुढे गेले की भूक मरते, शरीरातले लोह कमी पडू शकते आणि लोह कमी पडले की भूक आणखी मंदावते. रक्ततपासणीनंतर डॉक्टरांनी लोहाचे औषध सुरू केले आणि बाटली हळूहळू बंद करायला सांगितली.

ऑक्युपेशनल थेरपिस्टनी पाहिले ते त्याचे बसणे. जेवताना तो मोठ्या खुर्चीवर पाय लोंबकळत ठेवून, समोर मोबाइल घेऊन बसत असे. धड स्थिर नसेल तर जबड्याला नेमके काम करता येत नाही, म्हणून पायांखाली पाट आला. हाताला चिकट काही लागलेले त्याला सोसत नव्हते. मग कोरडे गहू, रवा, शेवटी कणीक असा क्रम ठरला.

स्पीच थेरपिस्टनी दाखवलेली गोष्ट आईसाठी सर्वांत मोलाची ठरली. घोटलेले अन्न जीभ मागेपुढे हलवूनही गिळता येते, परंतु पोळी चावायची तर जिभेने घास बाजूला, दाढांखाली न्यावा लागतो, आणि नेमकी तीच हालचाल याला जमत नव्हती. घरात रोज होणारे पोहे मऊ म्हणून आई तेच आधी भरवत असे, पण पोह्यांचे सुटे दाणे तोंडभर पसरतात आणि ते गोळा करणे अशा मुलाला पोळीच्या पट्टीपेक्षाही अवघड जाते. म्हणून सुरुवात बोटाएवढ्या मऊ पट्टीने, ती दाढेपाशी ठेवून झाली.

चावता आले की बोलणेही आपोआप येईल, अशी आशा मात्र मी त्यांना दाखवली नाही. शिट्ट्या वाजवून किंवा फुंकर मारून उच्चार सुधारतात, याला भक्कम आधार नाही. बोलण्याचे काम वेगळे चालले: खेळताना त्याच्या उत्तराची वाट पाहणे, त्याच्या एका शब्दाला आपला एक शब्द जोडणे. घरात मराठी आणि बाहेर हिंदी, म्हणून मूल मागे पडले, असे एका नातेवाइकाने सांगितले होते. दोन भाषांमुळे वाचादोष होत नाही. मराठी सोडू नका, असे मी स्पष्ट सांगितले.

माझा बराच वेळ मात्र आजींसोबत गेला. त्या मायेनेच त्याची हनुवटी धरून चमचा आत सारत आणि तो हट्टी आहे असे मानत. त्याला जमत नाही हे कळल्यावर त्यांचे डोळे भरून आले. काय आणि केव्हा वाढायचे ते मोठ्यांनी ठरवावे, किती खायचे ते त्याने, हे त्यांनी कष्टाने स्वीकारले.

गिळताना खोकला येणे, जेवणानंतर आवाज घरघरणे, वारंवार छातीत संसर्ग होणे किंवा वजन घटणे यांपैकी काही असेल, तर घरी प्रयोग न करता आधी डॉक्टरांना दाखवावे. खर्चाची चिंता असलेल्यांनी २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखालील जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राची, म्हणजे मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणाऱ्या सरकारी केंद्राची, चौकशी जिल्हा रुग्णालयात करावी.

सात महिने झाले, थेरपी चालू आहे. तो अर्धी पोळी खातो, रसभाजीला अजून हात लावत नाही. परवा आजींनी चमचा पुढे केला, तेव्हा उमासा न येता तो म्हणाला, "आजी, नको." आजींनी चमचा खाली ठेवला आणि लगेच मला फोन केला.