फोन न उचलण्याची फी

पत्र: ताई, मी भांडुपला राहते, परळला नोकरी करते. पगार हातात 34 हजार. मिस्टरांची नोकरी गेली तेव्हा घर क्रेडिट कार्डांवर चाललं. आता तीन कार्डांचे मिळून 3 लाख 10 हजार आणि पर्सनल लोनचे 1 लाख 70 हजार देणं आहे. गाडीत फोन वाजला तरी पोटात गोळा येतो. अंधेरीची एक एजन्सी म्हणते, कर्ज निम्म्यावर आणून देतो. फी महिन्याला 4 हजार, 18 महिने, शिवाय जेवढे वाचतील त्यातले 15 टक्के. तोवर हप्ते भरायचे नाहीत, बँकेचे फोन घ्यायचे नाहीत. मैत्रीण म्हणते, हे सगळं फुकटात होतं. मिस्टर म्हणतात, फुकटच्या सल्ल्याला किंमत नसते. काय करू?

उत्तर: तुमच्या पत्रातलं गाडीतल्या फोनचं वाक्य माझ्या मनातून जात नाही. तो फोन दुसऱ्या कुणीतरी उचलावा म्हणून तुम्ही पैसे मोजायला निघालात, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण कर्ज तुमच्या नावावर आहे. एजन्सीला फी दिली तरी फोन तुमच्याच पर्समध्ये वाजणार.

आता हिशोब मांडू. 18 महिन्यांचे 72 हजार. कर्ज खरंच निम्मं झालं तर वाचलेल्या 2 लाख 40 हजारांवर 15 टक्के, म्हणजे 36 हजार. झाले 1 लाख 8 हजार, वर जीएसटी. आणि बँकेनं तडजोड मान्य करायलाच हवी असं कुठे आहे? तोवर कार्डांचं व्याज थांबत नाही. महिना साडेतीन टक्के धरलं तर पहिल्याच महिन्यात जवळपास 11 हजार चढतात. तडजोड झालीच तर सिबिलच्या, म्हणजे कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या संस्थेच्या, अहवालात ‘सेटल्ड’ असा शेरा पडतो, आणि पुढे घरासाठी कर्ज मागायला गेलात की तो आडवा येतो. ज्यांची फी तुमचे हप्ते थांबण्यावर चालते, त्यांचा ‘हप्ते भरू नका’ हा सल्ला मी तरी मानणार नाही.

मैत्रिणीचं म्हणणं बरंचसं खरं आहे, पण फुकटात खेटे आपल्यालाच घालावे लागतात. बँकांच्या वित्तीय साक्षरता केंद्रांत सल्ल्याचे पैसे पडत नाहीत. मात्र ती बँकांचीच, तेव्हा तुमच्या बाजूनं घासाघीस करतील ही अपेक्षा ठेवू नका. रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडची तक्रारही मोफत. तिथे कर्ज कमी होत नाही, बँकेच्या चुकीची आणि वागणुकीची दाद मिळते. आधी बँकेकडे लेखी तक्रार करायची, 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर लोकपाल. माहितीसाठी 14448. वसुलीवाल्यांना सकाळी 8च्या आधी आणि संध्याकाळी 7नंतर फोन करायला मनाई आहे. तसे फोन आले तर तारीख-वेळ वहीत टिपा.

बँकेचा कोर्टाचा कागद आला तर घाबरून एजन्सीकडे धावू नका. 1987च्या विधी सेवा कायद्यानं बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. 15100 वर विचारा. लोकअदालतीतही फी नाही, पण तिथल्या निवाड्यावर अपील नसतं, म्हणून सही करण्याआधी आकडा पेलतो का ते घरी बसून पाहा.

पैसे मोजायचेच तर एखाद्या सीएला किंवा वकिलाला एका बैठकीची ठरलेली फी द्या, कागद दाखवा, उठून या. वाचलेल्या रकमेत वाटा मागणाऱ्याला नको.

या रविवारी एवढं करा. क्रेडिट रिपोर्ट काढा. सिबिलसारख्या प्रत्येक संस्थेकडून तो वर्षातून एकदा मोफत मिळतो. तिन्ही कार्डं कपाटात ठेवा. मग मिस्टरांना शेजारी बसवून प्रत्येक बँकेला एक पानी अर्ज लिहा: नोकरी गेली, पगार इतका, महिन्याला अमुक भरू शकतो, कार्डाची बाकी कमी व्याजाच्या हप्त्यांत बदलून द्यावी. पोच घ्या. ऑफिसची पतपेढी असेल तर तिथला व्याजदरही विचारा, कार्डापेक्षा तो बहुधा बराच कमी असतो.

एजन्सीकडे कोरे चेक किंवा सही केलेले कागद दिले असतील, तर ते आधी लेखी मागून परत घ्या. आणि सोमवारी गाडीत फोन वाजला तर एवढंच सांगा: ‘मी लेखी अर्ज दिलाय, त्याची पोच माझ्याकडे आहे.’